कोणत्या सालची खोली?

वाईच्या आमच्या घराची वाटणी २०१७ साली झाली, तेव्हा माझ्या वाट्याला एक खोली आली. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती २००५ साली झालेली आहे. तिचा आधार घेऊन मी हट्ट धरला असता, तर कदाचित पुढचा सोपाही मिळाला असता. पण माहेर कायद्याने मोजायचे नसते, या समजुतीत माझी पिढीही वाढलेली आहे. दादाने विचारले, "तुला काय पाहिजे?" मी म्हटले, "तू देशील ते." त्याने माजघरामागची खोली दिली.

दोन खणांची, एका दाराची, बिनखिडकीची अशी ही खोली. घरात तिला 'माईआजीची खोली' म्हणत. माईआजी ही माझ्या आजोबांची थोरली बहीण. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिचा नवरा गेला आणि पुढच्या वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी, ती या घरी परत आली. १९७१ साली ती याच खोलीत वारली. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे मी तिला पाहिलेले नाही.

ही खोली मी तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत, एका वृद्ध गवंड्याच्या मार्गदर्शनाखाली, बरीचशी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. त्या कामाची हकीकत येथे सांगायची आहे, पण ती गृहसजावटीची हकीकत नव्हे. जुनी खोली पूर्ववत करायची असे आपण सहज म्हणतो. 'पूर्ववत' म्हणजे कोणत्या पूर्वीसारखी, हा प्रश्न करणी हातात घेईपर्यंत माझ्या मनातही आला नव्हता. तो आला आणि मग त्याने पाठ सोडली नाही.

वाड्यांचा इतिहास आपल्याकडे बराचसा दर्शनी भागाचा इतिहास आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि १८२८ च्या आगीत आतले महाल भस्मसात झाले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गणेश रंगमहाल, आरसेमहाल ही नावे आपल्या ओठांवर असतात. वाईत रास्त्यांनी बांधलेले घाट आहेत, १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे, आणि जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा भित्तिचित्रांचा वाडा आहे. पाहुण्यांना आम्ही तेच दाखवतो. आमचे घर या मालिकेत बसत नाही. ते एका सामान्य भिक्षुकाचे घर होते, पण त्याची रचना मात्र त्याच घाटाची होती: दगडी जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, खांबांच्या मधल्या जागेत मातीत रचलेल्या विटांच्या जाड भिंती. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण आणि घर मोजायचे ते खणांत. भिंतीची जाडी एवढी, की दिवळ्या, कोनाडे आणि फडताळ तिच्या पोटातच मावत.

अशा घरात ओट्यावरून आत येत गेले की प्रकाश पायरीपायरीने कमी होतो. ओटा उन्हात, सोपा सावलीत, चौकाला आभाळाचा चौकोन, माजघराला चौकातून आलेला उसना उजेड आणि माजघराच्या मागे बाळंतिणीची खोली, कोठीची खोली, म्हणजे जवळजवळ काळोखच. हा क्रम केवळ वास्तुरचनेचा नाही. पुरुषांची कामे उजेडात आणि बायकांची सावलीत, आणि बायकांतही ज्यांना कोणी पाहू नये असे ठरले होते त्यांची अगदी मागे, अशी ती प्रकाशाची वाटणीच होती. मी गेली वीस वर्षे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' शिकवते आहे. १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः आलेल्या या कादंबरीतील यमूचे वैधव्य, तिचे सक्तीचे केशवपन यांवर मी दरवर्षी बोलते, ताराबाई शिंद्यांच्या १८८२ च्या 'स्त्रीपुरुषतुलने'चा आणि कर्व्यांनी १८९६ साली काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाचा उल्लेख करते. आमच्याच घराच्या मागच्या खोलीला खिडकी का नाही, असा प्रश्न मात्र मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या हातून घडले ते अज्ञानच होते. भिंतीचा जुना गिलावा जागोजागी फुगून सुटला होता. मी तो पाडला आणि सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून घेतला. चार महिन्यांनी, दिवाळीत येऊन पाहते तो काय, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला लोणा लागलेला! पांढरी भुकटी बाहेर आलेली आणि सिमेंटचे पापुद्रे आतल्या विटांची माती घेऊन गळून पडलेले. दादाने तेवढ्यात शेजारच्या आळीतील एका गवंड्याला बोलावून आणले. सत्तरी ओलांडलेले ते काका भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "ताई, मातीच्या भिंतीला ओल चढणारच. ती वर चढती आन बाहेर पडून जाती. तुम्ही तिला रेनकोट घातला, आता ती जाणार कुठं?"

या एका वाक्यात जुन्या बांधकामाचे शास्त्र आले. जोत्यातून वर चढणारे पाणी मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीतून हळूहळू वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा थर घट्ट असल्याने ते आत अडकते, विरघळलेले क्षार घेऊन पृष्ठभागापाशी साठते आणि तेथे क्षारांचे स्फटिक झाले की गिलावा फोडते. सिमेंट वाईट असे नव्हे. ते वेगळ्या तऱ्हेच्या भिंतीसाठी आहे.

सिमेंटवर आपला एवढा विश्वास कसा बसला, यालाही इतिहास आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ सालचे आणि हिंदुस्थानात पोरबंदरच्या कारखान्यातून त्याचे उत्पादन सुरू झाले १९१४ साली. तरीही आमच्यासारख्या गावांत ते फार उशिरा आले. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे सिमेंट नियंत्रित होते. १९८२ साली ते अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले आणि मग घरोघरी पोती येऊ लागली. दरम्यान १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे पाण्यात बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड धाबी माणसांवर कोसळली. मातीच्या घराची भीती लोकांच्या मनात उगाच बसलेली नाही. ज्यांनी ती घरे पाडून सिमेंटची बांधली, त्यांना अरसिक म्हणण्याचा अधिकार ते दुःख न भोगलेल्या आपल्याला नाही.

काकांनी सिमेंटचा सगळा गिलावा काढायला लावला. पुढचा उन्हाळा चुन्याचा. चुनकळी पाण्यात पडली की ती उसळते, वाफा येतात, पिंप हात लावू नये इतके तापते. डोळ्यांत थेंब उडाला तर कायमची इजा व्हायची, म्हणून काकांनी आधी मला चष्मा आणायला पाठवले. विरवलेला चुना महिनाभर पाण्याखाली मुरत ठेवायचा. पूर्वी तो बैलांच्या घाणीत वाळूबरोबर दळत. दगडी चाकाचा घाणीचा चर आजही जुन्या देवळांच्या आवारात कोठे कोठे दिसतो. आमच्याकडे बैल नव्हते, तेव्हा फावड्याने कालवणे आणि लाकडी मोगरीने कुटणे आले. चुना एक भाग, चाळलेली वाळू दोन ते तीन भाग, तडे जाऊ नयेत म्हणून बारीक कातरलेला ताग, आणि थोडे गुळाचे पाणी. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, उडदाचे पीठ अशा गोष्टी चुन्यात घालण्याची रीत जुनीच आहे. प्रत्येक गवंड्याचे प्रमाण निराळे आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटते. काकांचा विश्वास गुळावर होता.

चुन्याची एक गोष्ट मला त्या उन्हाळ्यात फार विलक्षण वाटली. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. विरवलेला चुना भिंतीवर चढला की तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे भिंतीवर आपण लावतो तो लेप नसून पुन्हा दगड होऊ पाहणारा पदार्थ असतो. याला आठवडे लागतात, वर्षेही लागतात. घाई केली, जाड थर दिला, उन्हात सुकू दिला की बिघडले. काका रोज एकच बोटभर थर देऊ देत आणि त्यावर ओली गोणपाटे टाकायला लावत. महाविद्यालयाच्या वेळापत्रकाने जगणाऱ्या मला ही शिस्त जड गेली.

गिलाव्याच्या आधी उरलेल्या भिंती खरवडायच्या होत्या आणि तेथूनच खरा प्रश्न सुरू झाला. वरचा थर गुलाबी ऑइलपेंटचा. त्याखाली पोपटी डिस्टेंपर. त्याखाली नीळ घातलेल्या सफेदीचे थर, दसऱ्या-दिवाळीला एकेक चढत गेलेले. मी एकवीसपर्यंत मोजले आणि नाद सोडला. सर्वांत खाली पांढऱ्या मातीचा हात आणि दिवळीभोवती तेलाच्या दिव्याची जुनी काजळी. पत्र्याची पट्टी घेऊन मी रोज सकाळी बसत असे आणि गुलाबी रंगाची पापडी निघाली की मला एखाद्या पोथीवरची धूळ पुसल्याचे समाधान मिळत असे. मूळ भिंत मोकळी होते आहे, असे वाटत असे.

गुलाबी रंग भाडेकरूंचा होता. १९७४ ते १९९९ या काळात या खोलीत आणि शेजारच्या पडवीत एका प्राथमिक शिक्षकाचे कुटुंब राहत होते. भाडे महिना अठरा रुपये, ते शेवटपर्यंत अठराच राहिले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली होती आणि पुढेही वाढीला जवळजवळ वाव नव्हता. १९९९ चा नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा २००० साली अमलात आला, तोपर्यंत महाराष्ट्रातले असंख्य वाडे या कोंडीत सापडले होते. अठरा रुपयांत घरमालक कौले शाकारीत नसे आणि आपले नसलेल्या घरावर भाडेकरू पैसा घालीत नसे. 'भाडेकरूंनी घराची वाट लावली' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्याची दुसरी बाजू कोणी सांगितली नव्हती.

ती दुसऱ्या उन्हाळ्यात अचानक समोर आली. त्या शिक्षकांची मुलगी माझ्या वर्गात होती. आता ती कराडला असते. घाटावर दर्शनाला आली असताना दार उघडे दिसले म्हणून ती आत आली. चार बाजूंच्या उघड्या भिंतींकडे पाहत ती जरा वेळ उभीच राहिली. मग म्हणाली, "अगं, गुलाबी भिंत कुठं गेली?"

मी मोठ्या उत्साहाने तिला थर दाखवू लागले. ती ऐकत होती, पण तिचे लक्ष नव्हते. म्हणाली, "आईनं भिशीच्या पैशातून तो डबा आणला होता. बाबा नको म्हणत होते, मालकाच्या भिंतीला कशाला म्हणून. पण आई म्हणाली, चकचकीत रंग असला की बल्बचा उजेड परत येतो, पोरांना अभ्यासाला बरं. त्या भिंतीखाली बसून आम्ही तिघं भावंडं दहावी झालो."

ती गेल्यावर मी पट्टी खाली ठेवली आणि त्या दिवशी काम केले नाही. ज्याला मी घाण समजून खरवडत होते, तो या खोलीच्या काळोखाला एका बाईने दिलेला जबाब होता. पंचवीस वर्षांचा संसार मी चार सकाळींत गोणीत भरून टाकला होता. फडताळाच्या दारामागे, पट्टी न पोचल्यामुळे, तळहाताएवढा गुलाबी तुकडा तेवढा राहिला होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात पूर्वेची भिंत हाती घेतली. काकांनी करणीच्या दांड्याने ठोकून पाहिले. एके ठिकाणी आवाज बदलला. गिलावा उतरवताच एक आडवे सागवानी लाकूड दिसले, खाली दोन्ही बाजूंना चौकटीच्या खाचा, आणि मधली जागा विटांनी भरलेली. तेथे खिडकी होती. नुसती होती असे नव्हे, घर बांधतानाच ठेवलेली होती, कारण वरचे लाकूड भिंतीच्या मूळ रचनेत मुरलेले होते. भिंतीच्या विटा चपट्या, जुन्या घडणीच्या. भरावातल्या जाड, साच्यातल्या. म्हणजे ज्या काळोख्या खोलीला मी 'मूळ' समजून तिच्याकडे परत जायला निघाले होते, ती मूळ नव्हतीच.

खिडकी कधी बुजवली? भरावात, विटांच्या फटीत, एका मंगळुरी कौलाचा तुकडा सापडला. आमच्याकडची जुनी कौले नळीची, हाताने थापलेली. सपाट, खाचांचे मंगळुरी कौल यंत्रावरचे, आणि त्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला काढला तो १८६५ साली. तेव्हा खिडकी त्याआधी बुजलेली असणे शक्य नाही. दुसऱ्या टोकाला माझे वडील: त्यांचा जन्म १९४५ चा आणि त्यांच्या आठवणीत येथे खिडकी कधीच नव्हती. म्हणजे १८६५ ते १९५० असा पंचाऐंशी वर्षांचा पट्टा. माईआजी परत आली ते १९१९ साल या पट्ट्यात बसते. पण बसते एवढेच.

का बुजवली, याची घरात तीन उत्तरे मिळाली. दादा म्हणाला, "चोरांमुळे, दुसरं काय! खिडकी बोळात उघडत होती." थोरल्या काकांचे म्हणणे, बोळापलीकडच्या शेजाऱ्याशी तंटा झाला होता. तेही अशक्य नाही. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षे निर्वेध उपभोगलेल्या उजेडावर आणि हवेवर हक्क निर्माण होतो, त्यामुळे खिडक्यांवरून शेजाऱ्यांचे दावे लागत. तिसरे उत्तर आईचे. ती १९७० साली लग्न होऊन या घरात आली. माईआजीचा सहवास तिला जेमतेम वर्षभर लाभला. तिने आवाज खाली आणून सांगितले, "त्या बोळातून माणसं घाटावर जात. माईंचं वय लहान होतं. मामंजींच्या वडिलांना ते बरं वाटलं नसेल." आईलाही हे कोणी सांगितलेले नव्हते. तिने ते धरून चालले होते.

मला आईचे उत्तर खरे मानायचा मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. ते माझ्या व्याख्यानांत नेमके बसत होते. पण कौलाचा तुकडा त्याला दुजोरा देत नाही. तो तिन्ही उत्तरांना सारखीच मुभा देतो. ज्या घरात मेलेल्या गाईची किंमतही जमाखर्चाच्या वहीत सापडते, तेथे एका खिडकीबद्दल एक ओळ नाही. पुरावा नसणे हे काहीच सिद्ध करत नाही. कोणत्या गोष्टी लिहून ठेवण्याजोग्या मानल्या जात, एवढेच ते सांगते.

आता निर्णय घ्यायचा होता. काकांनी सरळ विचारले, "ताई, खिडकी खोलायची का हाय तशी ठेवायची?"

या प्रश्नावर जगात पुष्कळ भांडण झालेले आहे. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक याने एकोणिसाव्या शतकात अनेक जुन्या इमारती 'पूर्ण' केल्या. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत नेणे, जी कदाचित कधीच अस्तित्वात नव्हती, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ साली अशा जीर्णोद्धाराला असत्य म्हटले, आणि विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली: डागडुजी करा, पण मागे नेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शल यांनी १९२३ साली आपल्याकडच्या स्मारकांसाठी जी नियमपुस्तिका लिहिली, तिचा कलही जतनाकडेच आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले, की वास्तूत सर्व काळांनी घातलेली खरी भर जपावी, आणि नव्याने जे जोडाल ते जुन्यापासून ओळखू येईल असे असावे.

आपल्या परंपरेचा विचार निराळा आहे. जीर्ण झालेली मूर्ती विधिपूर्वक विसर्जित करून नवी स्थापावी, असे अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधी सांगतो. अहिल्याबाईंनी १७८० साली काशीला विश्वेश्वराचे देऊळ उभे केले, ते जुन्या दगडांच्या मोहाने नव्हे. येथे महत्त्व पूजा चालू राहण्याला आहे, वस्तूच्या जुनेपणाला नाही. घराच्या बाबतीत मला हा विचार जवळचा वाटतो, कारण घर राहण्यासाठी असते. पण त्यात एक धोकाही आहे. विसर्जन केलेल्याची आठवण कोणी ठेवायची?

मराठीच्या माणसाला या पेचाचे अधिक ओळखीचे रूप ज्ञानेश्वरीच्या पाठात दिसेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि पुढे कोणी आपली ओवी आत घालू नये असे बजावले; अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्याचा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. पुढे राजवाड्यांना एकनाथांची प्रतही पुरेशी मूळ वाटेना. १९०९ साली त्यांनी आपल्याला सापडलेल्या, अधिक जुन्या भासलेल्या पोथीचा पाठ छापला. अभ्यासकांनी त्याची दखल घेतली, पण वारकऱ्यांच्या पारायणात नाथांचाच पाठ राहिला. दोघांनीही थर खरवडले. फरक असा, की नाथांनी जे काढले ते कायमचे गेले. काय होते ते आपल्याला आज पाहता येत नाही. आधुनिक संपादक निवडीपासून सुटत नाही, पण तो न निवडलेले पाठ तळटीपेत ठेवतो. त्याचा प्रामाणिकपणा निवडीत नसून तळटीपेत आहे.

मी खिडकी उघडली. 'मूळ' खिडकी होती म्हणून उघडली असे म्हणणार नाही. तसे म्हटले असते तर गुलाबी रंगाच्या बाबतीत केलेली चूक मी वेगळ्या रीतीने पुन्हा केली असती. माझ्या वाट्याला आलेल्या खोलीत मला बसून वाचायचे आहे आणि त्यासाठी उजेड हवा, म्हणून मी ती उघडली. हा २०२० च्या दशकातला निर्णय आहे आणि तो तसाच दिसला पाहिजे. भरावाच्या विटा सगळ्या काढल्या नाहीत. डाव्या बाजूला, चौकटीच्या पूर्ण उंचीपर्यंत, वीतभर रुंदीचा भराव तसाच ठेवला आहे आणि कौलाचा तुकडा त्याच्या जागी आहे. नवी चौकट सागाची नाही, साध्या लाकडाची आहे, म्हणजे कोणाला ती जुनी वाटणार नाही. दिवळीभोवतीची काजळी पुसली नाही. फडताळाच्या दारामागचा गुलाबी तुकडा तसाच आहे, शाळेतल्या मैत्रिणीला त्याचे छायाचित्र पाठवले, त्यावर तिने बराच वेळ काही लिहिले नाही, मग लिहिले, "आईला दाखवते." आणि फडताळात एक वही ठेवली आहे. त्यात काय होते, काय काढले, काय ठेवले, कोण काय म्हणाले, हे सारे तारखेनिशी लिहिले आहे. पहिल्या वर्षीच्या सिमेंटच्या मूर्खपणासकट. पुढे कोणाला माझा चुना खरवडून मागे जावेसे वाटले, तर त्याने खुशाल जावे. चुना खरवडता येतो, हाही त्याचा एक गुण.

काम संपल्यावर आईला खोली दाखवायला आणले. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन आत आले होते. ती बराच वेळ जमिनीवरच्या उजेडाच्या चौकोनाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माई इथंच बसायच्या. या भिंतीला पाठ लावून, अगदी या जागी. तांदूळ निवडत."

मी विचारले, "इथंच का?"

आई म्हणाली, "दारातला उजेड इथपर्यंत येतो ना."

तेवढेच कारण असेल. मी ते वहीत लिहून ठेवले आहे, आईच्याच शब्दांत.